पदवीधरांचा शुश्रूषेंत प्रवेश

इतिहासाची किंवा अर्थशास्त्राची पदवी घेतलेल्या आणि चार-सहा वर्षें शाळेंत अथवा कचेरींत काम केलेल्या मुलीनें एके दिवशीं घरीं सांगितलें कीं, मला आतां नर्स व्हावयाचें आहे, तर बहुतेक सुशिक्षित घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, "मग एवढें शिकविलें तें कशाला?" या प्रश्नांत दोन निरनिराळ्या भीति एकत्र झालेल्या असतात. घेतलेली पदवी वायां जाईल ही एक, आणि पुन्हां पहिल्या पायरीवर जाऊन उभें राहावें लागेल ही दुसरी. यांपैकीं पहिली बव्हंशीं खोटी आहे. दुसरी मात्र पूर्णपणें खरी आहे, आणि ती जितकी लौकर ध्यानांत येईल तितकें बरें.

पदवीधरांना शुश्रूषेच्या धंद्यांत घेतांना त्यांच्या पूर्वशिक्षणापैकीं काय जमेस धरावें आणि काय धरूं नये, याचा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग अमेरिकेंत १९१८ सालच्या उन्हाळ्यांत झाला. अमेरिका त्या वेळीं पहिल्या महायुद्धांत उतरलेली होती. अनुभवी परिचारिका सैन्याबरोबर समुद्रापार गेल्या होत्या, आणि त्यांची जागा भरून काढावी तर नर्स तयार होण्यास त्या काळीं तीन वर्षें लागत. न्यूयॉर्क राज्यांत हडसन नदीच्या कांठीं पोकीप्सी म्हणून गांव आहे. तेथील व्हासार कॉलेज तेव्हां केवळ स्त्रियांचें होतें. त्याच्या एक माजी विद्यार्थिनी व विश्वस्त मिनी कमनॉक ब्लॉजेट यांनीं अशी कल्पना काढली कीं, उन्हाळ्याच्या सुटींत कॉलेजच्या इमारती रिकाम्या असतात, त्यांत पदवीधर तरुणींना तीन महिने शास्त्रीय विषय शिकवावे, नंतर त्यांना निरनिराळ्या इस्पितळांत पाठवावें, आणि तीन वर्षांचें शिक्षण सव्वादोन वर्षांत पुरें करावें. रेड क्रॉस संस्थेनें द्रव्यसाहाय्य दिलें. वर्गाचें प्रमुखपद हर्बर्ट मिल्स या प्राध्यापकांकडे आलें. गंमत अशी कीं, मिल्स हे स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे मुख्याध्यापकहि या विषयाला नवे आणि विद्यार्थिनीहि नव्या!

२४ जून १९१८ रोजीं वर्ग सुरू झाले आणि सप्टेंबरच्या मध्यास संपले. देशांतील शंभरांहून अधिक कॉलेजांतून चारशेंहून अधिक पदवीधर स्त्रिया तेथें जमल्या होत्या. शरीररचना, शरीरव्यापार, जंतुशास्त्र, रसायन, आरोग्यशास्त्र, आहार व पथ्याचा स्वयंपाक, मानसशास्त्र, औषधींची माहिती आणि शुश्रूषेचा इतिहास इतके विषय बारा आठवड्यांत उरकावयाचे, आणि त्याच्याच जोडीला बिछाना घालणें, रोग्याला अंथरुणांतच अंग पुसून देणें, पट्ट्या बांधणें हेंहि शिकावयाचें. ज्यांना अभ्यासाची संवय आहे त्यांना पुस्तकी भाग थोड्या काळांत शिकवितां येतो, हें त्या बारा आठवड्यांनीं दाखवून दिलें. परंतु त्यानंतरचीं दोन वर्षें कोणी कमी केलीं नाहींत. त्या दोन वर्षांत त्या मुली इतर शिकाऊ नर्सांसारख्याच वॉर्डांत राबल्या, आणि पदवीच्या कागदानें त्यांची एकहि रात्रपाळी चुकली नाहीं. पुढें शंभर वर्षांत या विषयांत जें जें झालें त्याचें बीज येथेंच आहे: पदवीनें पुस्तकें कमी होतात, रोग्याजवळचे तास कमी होत नाहींत.

वर्ग संपून मुली इस्पितळांत पोंचतात तोंच त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीनें इस्पितळें भरून गेलीं. आपल्याकडेहि त्याच साथीनें गांवें ओस पाडलीं, हें जुन्या घरांतून अजून सांगितलें जातें. पुस्तक मिटल्यावर दुसऱ्याच दिवशीं इतकी कठोर परीक्षा क्वचितच कोणाची झाली असेल. पुढें ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं युद्ध थांबलें. ज्या केवळ देशकार्य म्हणून आल्या होत्या त्यांना आतां घरीं परतण्याची मोकळीक होती, आणि कांहीं परतल्याहि. ज्या राहिल्या त्यांच्यांतून मात्र पुढील पिढीच्या कित्येक शिक्षिका व व्यवस्थापिका निघाल्या.

त्यांपैकीं एकीचें नांव कॅथरिन डेन्सफोर्ड. १८९० सालीं जन्मलेल्या या बाई ओहायो राज्यांतील मियामी विद्यापीठाच्या बी. ए. व शिकागो विद्यापीठाच्या एम. ए. होत्या आणि शाळेंत शिकवीत असत. एम. ए. झालेल्या शिक्षिकेनें पुन्हां शिकाऊ होऊन रोग्यांचीं भांडीं धुवावीं, हें त्या काळच्या अमेरिकेंतहि सर्वांना रुचण्यासारखें नव्हतें. डेन्सफोर्डबाई १९३० पासून १९५९ पर्यंत मिनेसोटा विद्यापीठाच्या शुश्रूषा-विद्यालयाच्या प्रमुख होत्या, आणि १९४४ ते १९४८ या काळांत अमेरिकन परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा होत्या. शिकविण्याची कला त्यांनीं शाळेंतूनच आणलेली होती. ती टाकून देण्याचा प्रसंग त्यांना कधींच आला नाहीं.

पदवीधरांच्या येण्यानें एका जुन्या दुखण्यावरहि बोट ठेवलें गेलें. त्या काळीं शुश्रूषेचें शिक्षण बहुतेक इस्पितळांच्या स्वतःच्या शाळांतून होई, आणि शाळा हें नांव असलें तरी व्यवहार उमेदवारीचा असे. वॉर्डांतील बहुतेक काम शिकाऊ मुलीच करीत, आणि त्याबद्दल त्यांना जेवण, राहणें व थोडा हातखर्च मिळे. शिक्षण तीन वर्षांचें कां, याचें एक प्रांजळ उत्तर असें होतें कीं, तिसऱ्या वर्षांतील मुलगी इस्पितळाला जवळजवळ फुकट मिळणारी तयार नर्स असे. येल विद्यापीठाचे प्राध्यापक विन्स्लो यांच्या अध्यक्षतेखालीं व जोसेफीन गोल्डमार्क यांच्या चिटणीसपणाखालीं नेमलेल्या समितीनें १९२३ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत ही गोष्ट उघडपणें मांडली. शिक्षण व मजुरी यांची फारकत करावी, आणि जो वेळ केवळ राबवून घेण्यांत जातो तो काढून टाकल्यास अठ्ठावीस महिने पुरतील, असें त्यांचें म्हणणें पडलें. त्याच वर्षीं रॉकफेलर निधीच्या साहाय्यानें येल विद्यापीठांत शुश्रूषेचें स्वतंत्र विद्यालय निघालें आणि ॲनी गुडरिच त्याच्या पहिल्या अधिष्ठात्री झाल्या. १९३४ पासून तर तेथें प्रवेशासाठीं कोणत्या तरी विषयाची पदवी असणें हीच अट झाली. अन्यत्र जी अडचण समजली जाई ती येथें पात्रता ठरली.

या विद्यालयांतून १९४१ सालीं बाहेर पडलेल्या फ्लॉरेन्स वॉल्ड यांची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. त्या माउंट होलिओक कॉलेजच्या १९३८ सालच्या पदवीधर. शुश्रूषेचें शिक्षण घेऊन त्यांनीं निरनिराळीं कामें केलीं आणि १९५९ सालीं त्या येलच्याच विद्यालयाच्या अधिष्ठात्री झाल्या. १९६३ सालीं तेथें इंग्लंडांतून सिसिली सॉंडर्स या डॉक्टरीणबाई व्याख्यानास आल्या. सॉंडर्सबाईंचा प्रवास तर आणखीच वळणांचा होता. ऑक्सफर्डला राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान व अर्थशास्त्र शिकत असतां दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तो अभ्यास बाजूस ठेवून त्या लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यानें तें काम सुटलें, तेव्हां रुग्णांच्या घरच्या अडचणी पाहणाऱ्या इस्पितळी समाजसेविकेचें काम त्यांनीं पत्करलें, आणि शेवटीं वैद्यकाचा अभ्यास करून १९५७ सालीं त्या डॉक्टर झाल्या. ज्या रोग्याचा रोग आतां बरा होणार नाहीं त्याच्या वेदना नीट शमवितां येतात, आणि त्याचे शेवटचे दिवस त्याच्या मनासारखे जाऊं देतां येतात, हा त्यांचा विषय. तो ऐकून वॉल्डबाईंनीं पुढें अधिष्ठात्रीचें पद सोडलें, लंडनला जाऊन सॉंडर्स यांनीं १९६७ सालीं काढलेल्या सेंट ख्रिस्तोफर या संस्थेंत काम पाहिलें, आणि १९७४ सालीं कनेक्टिकट राज्यांत अमेरिकेंतील त्या प्रकारची पहिली संस्था उभी केली. या दोघीहि दुसऱ्या वाटेनें शुश्रूषेंत आल्या होत्या. रोग्याला केवळ रोगाची जागा न समजतां घर, पैसा, भय व श्रद्धा असलेला माणूस समजण्याची दृष्टि त्यांना कोठून आली, याचें उत्तर एका शब्दांत देणें कठीण आहे. पण त्यांच्या आधींच्या अभ्यासाचा त्यांत वांटा नसेल असें म्हणवत नाहीं.

आतां अलीकडची व्यवस्था. सेंट लुइस विद्यापीठानें १९७१ सालीं इतर विषयांच्या पदवीधरांसाठीं शुश्रूषेच्या पदवीचा जलद अभ्यासक्रम काढला, तो अमेरिकेंतील पहिला समजतात. १९७४ सालीं येलनें पदवीधरांना तीन वर्षांत थेट पदव्युत्तर पदवीपर्यंत नेणारा क्रम पुन्हां सुरू केला. आज अशा जलद क्रमांना साधारणपणें अकरा ते अठरा महिने लागतात. त्यांत प्रवेश मिळण्यापूर्वीं शरीररचना, शरीरव्यापार, सूक्ष्मजंतुशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र असे कांहीं विषय आधीं पुरे करावे लागतात. वाङ्मयाच्या किंवा वाणिज्याच्या पदवीधराला हे विषय नव्यानें घ्यावे लागत असल्यामुळें त्याचे खरे अठरा महिने दोन-अडीच वर्षांवर जातात. जाहिरातींत ही गोष्ट बारीक अक्षरांत असते. मूळच्या पदवीमुळें भाषा, इतिहास, समाजशास्त्र यांसारखे सर्वसाधारण विषय माफ होतात आणि सुट्या जवळजवळ नाहींशा केल्या जातात. रोग्याजवळचे शिक्षणाचे तास मात्र चार वर्षांच्या क्रमांतील मुलांइतकेच ठेवलेले असतात. शेवटीं राज्याचा परवाना मिळण्यासाठीं द्यावी लागणारी संगणकावरील परीक्षाहि सर्वांना एकच. इंग्लंडांत हाच नियम तासांत मांडलेला आहे: नर्सच्या शिक्षणाचे एकंदर ४६०० तास, त्यांतले निम्मे प्रत्यक्ष कामाचे. पदवीधराला पूर्वशिक्षणाबद्दल सूट मिळते व तो दोन वर्षांत मोकळा होऊं शकतो. पण ती सूट म्हणजे आधीं जें खरोखर केलें आहे त्याची मोजदाद असते, मेहेरबानी नव्हे.

तासांविषयीं हा आग्रह कां, हें एका साध्या उदाहरणानें स्पष्ट होईल. शिरेंतून १००० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यावयाचें आहे, आणि नळी अशी आहे कीं एका मिलिलिटरचे वीस थेंब पडतात. आठ तासांचीं मिनिटें ४८०. वीस हजार थेंबांना ४८० नीं भागलें कीं मिनिटाला सुमारें ४२ थेंब येतात. गणिताचा पदवीधर हें उत्तर तोंडी देईल, आणि त्या दिवशीं त्याला आपल्या पदवीचा अभिमानहि वाटेल. परंतु सुई शिरेंतून निसटून भोंवतालचें मांस सुजूं लागलें आहे, तेथें हात लावल्यास कातडी थंड लागते आहे, किंवा तासाभरापूर्वीं नीट बोलणाऱ्या म्हाताऱ्याला आतां उशीवर टेकूनहि दम लागतो आहे, म्हणजे हें पाणीच त्याला जड जात असेल, हें गणितांत कोठेंच नाहीं. तें पाहावें लागतें. आणि काय पाहावयाचें हें शेंकडों रोगी पाहिल्यावरच डोळ्यांना कळूं लागतें. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनीं कां बदलावयाची, हें पुस्तकाच्या एका पानांत समजतें. पण माकडहाडावरील कातडीचा लालपणा साधा कोणता आणि उद्यां जखम होणार तो कोणता, हें बोटानें दाबून पाहिल्यावांचून समजत नाहीं.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन विदुषीनें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत नर्सच्या वाढीच्या पांच पायऱ्या सांगितल्या आहेत. अगदीं नवशिक्यापासून ती निष्णातापर्यंत जाते. त्यांतील मार्मिक गोष्ट ही कीं, ही पायरी माणसाला चिकटलेली नसून कामाला चिकटलेली असते. एका वॉर्डांतील निष्णात नर्स अगदीं अपरिचित वॉर्डांत गेली कीं तीहि नवशिकीच होते. मग दुसऱ्या धंद्यांतून आलेल्याची गोष्ट काय सांगावी! बत्तिसाव्या वर्षीं, ज्याच्या हाताखालीं कालपर्यंत चार माणसें होतीं अशा गृहस्थाला, बाविशींतील एखादी सिस्टर सर्वांदेखत सांगते कीं, तुमचे हात पुन्हां धुवून या. हा क्षण ज्यांना सोसवत नाहीं त्यांनीं या वाटेस न जावें हें बरें. सोडून जाणाऱ्यांना रक्ताचें भय आवरत नाहीं अशी समजूत आहे. परंतु त्या भयापेक्षां हा मानभंग आंवरणें अधिक अवघड असतें.

उलट पहिल्या पदवीचा लाभ होतो तो पहिल्या वर्षांत दिसत नाहीं. ज्याला कागदोपत्रीं शोध घेण्याची संवय आहे तो रोग्याची पूर्वहकीकत चिकाटीनें काढतो. शिक्षक असलेली बाई मधुमेह्याला इन्सुलिन कसें टोंचून घ्यावें हें असें समजावते कीं तो घरीं गेल्यावर चुकत नाहीं. हिशेब जाणणारा मनुष्य औषधांचा साठा व पाळ्यांची मांडणी पुढें सांभाळूं शकतो. भाषेचा अभ्यासक मरणाऱ्याच्या मुलाशीं काय बोलावें आणि कोठें गप्प राहावें हें जाणत असेलच असें नाहीं, पण जाणण्याची शक्यता अधिक.

खर्चाचा विचार घरांतील मंडळींनीं मिळून करावयाचा असतो. जलद क्रम दिवसभराचा असून पाठ, इस्पितळ व अभ्यास यांत सगळा आठवडा जात असल्यामुळें त्या काळांत नोकरी करूं नये असेंच विद्यालयें सांगतात. म्हणजे फी द्यावयाची आणि पगारहि बुडवावयाचा. ज्या घरीं लहान मूल आहे तेथें पहांटेची पाळी कोण सांभाळील, हा प्रश्न प्रवेशअर्जाच्या आधीं सुटला पाहिजे. अमेरिकेंत जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतहि भारतांतील पदवी घेऊन गेलेली गृहिणी या मार्गाचा विचार करूं शकते. तिला आपल्या भारतीय पदवीचें मूल्यमापन तेथील मान्य संस्थेकडून करून घ्यावें लागतें, आणि राहिलेले शास्त्रविषय बहुधा जवळच्या कम्युनिटी कॉलेजांत पुरे करावे लागतात. तेथें ते स्वस्तहि पडतात.

महाराष्ट्रांत शिक्षणाच्या दुसऱ्या डावाशीं शुश्रूषेचा संबंध जुना आहे. रमाबाई रानडे यांनीं वाढविलेल्या पुण्याच्या सेवासदनानें १९०९ पासून ज्या स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभें केलें, त्यांत नर्सिंगकडे वळलेल्या पुष्कळ होत्या, आणि त्यांत विधवा व परित्यक्ता अधिक. त्यांच्यापाशीं पदवी नव्हती, एक मोडलेलें आयुष्य होतें. आजच्या पदवीधर मुलीपुढील अडचण अगदीं निराळी आहे. १९४७ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत इतर विषयांच्या पदवीधरांसाठीं जलद क्रम नाहीं. चार वर्षांच्या बी. एस्‌सी. नर्सिंगला बारावीस पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. त्यापुढें तुम्ही बी. ए. आहांत कीं एम. कॉम., हें कोणी विचारीत नाहीं. सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची तीन वर्षांची पदविका, जिला सर्वत्र जी. एन. एम. म्हणतात, ती कलाशाखेंतून बारावी झालेल्यांनाहि खुली आहे, आणि वयाची वरची मर्यादा पस्तीस आहे. ती पुरी केल्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेतां येते. म्हणजे इतिहासाची पदवीधर मुलगी येथें अठरा वर्षांच्या मुलींच्या शेजारीं बसून पांच वर्षांनीं तेथें पोंचते, जेथें अमेरिकेंतील तिची मैत्रीण दोन-अडीच वर्षांत पोंचलेली असते. रोग्याजवळचे तास कमी करावे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु जो विषय तिनें एकदां विद्यापीठांत उत्तीर्ण केला तो तिला पुन्हां शिकावयास लावण्यांत कोणाचें हित आहे, हें परिषदेनें एकदां सांगावयास हवें. तोंवर ज्यांच्या मनांत हा विचार घोळत आहे त्यांनीं पस्तिसाव्या वर्षाची मर्यादा ध्यानांत ठेवावी, बारावीच्या गुणपत्रिकेवरील विषय पाहावे, निवडलेली शाळा परिषदेच्या मान्यतेंत आहे कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी, आणि अर्ज भरण्यापूर्वीं एखाद्या ओळखीच्या नर्सला विचारून तिची रात्रपाळी कशी जाते तें तपशिलानें ऐकावें.